आत्याला कुणी मोजलंच नव्हतं

कारखान्यात तिला सगळ्याजणी 'मास्टर' म्हणायच्या. शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना, बावीस मशिनी, आणि कापडाला पहिली कात्री लावायचा मान फक्त हिचा. चाळीस थर एकावर एक अंथरायचे, वर पुठ्ठ्याचा पॅटर्न ठेवायचा, खडूने आखायचं आणि मग कटिंगचं यंत्र फिरवायचं. हात जरा हलला की चाळीस सदरे एकदम बाद. पंचवीस वर्षांत तिचा हात फक्त दोनदा हलला होता. ते दोन्ही दिवस तिला तारीखवार पाठ होते, आणि बाकी कुणाची त्यांचा विषय काढायची हिंमत नव्हती.

घरी मात्र ती नुसती ताई. म्हणजे टिल्लूची ताई. टिल्लू तिचा धाकटा भाऊ. लहानपणी वीतभर होता म्हणून ते नाव पडलं, पुढे गडी सहा फूट झाला तरी नाव काही वाढलं नाही. लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. उंच इमारतींच्या गच्चीवरच्या मशीनरूममध्ये ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात घालून बसलेला असायचा आणि खाली वाट बघणाऱ्या लोकांच्या शिव्या खायचा. ताई त्याच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. वडील गेले तेव्हा ती सतरा वर्षांची आणि तो तेरा. आई पार खचली, घरात कमावणारं कुणी नाही, म्हणून ताईने शाळा सोडली आणि मशीनवर बसली. टिल्लूला शिकवलं तिने, कामाला लावलं तिने, त्याचं लग्नही तिनेच जमवलं. ती त्याची बहीण कमी आणि बाप जास्त होती, हे टिल्लू स्वतःच चारचौघांत सांगायचा.

वडील पोटाच्या दुखण्याने गेले. मोठ्या आतड्याचा कॅन्सर. वय त्रेचाळीस. सहा वर्षांनी काका गेले, तेच दुखणं, वय शेहेचाळीस. आजोबाही चाळिशीतच गेले होते म्हणे, कशाने ते आता सांगायला कुणी उरलं नव्हतं. "या घरातले पुरुष पन्नाशी बघत नाहीत," असं शेजारपाजारच्या बायका दबक्या आवाजात म्हणायच्या. आणि दबका आवाज कसा, तर पलीकडच्या गल्लीत ऐकू जाईल इतका.

कारणं तर प्रत्येकाकडे तयार होती. वडिलांनी जेवणाच्या वेळा पाळल्या नाहीत. काकांनी भावाचं दुःख मनाला लावून घेतलं. आईचं कारण सगळ्यात पक्कं होतं. तिच्या मते ते घरच पुरुषांना लाभत नव्हतं. शेवटी तिने हट्टाने ते घर विकायला लावलं आणि बिऱ्हाड दोन गल्ल्या सोडून हललं. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय. पण आईला तेव्हा समजवायला कोण जाणार? ताई तेवीस-चोवीस वर्षांची होती, तिलाही ते खरंच वाटलं होतं. नव्या घरात पहिल्या दिवशी तिने टिल्लूला सगळ्या खोल्यांतून फिरवून आणलं होतं आणि बरं वाटतंय का म्हणून विचारलं होतं.

अशी वीस-बावीस वर्षं गेली. टिल्लू बेचाळीस वर्षांचा झाला. त्याला काहीही होत नव्हतं. भूक राक्षसाची, झोप कुंभकर्णाची. आणि एका दुपारी कारखान्यात आतेबहीण येऊन उभी राहिली.

ही ताईच्या आत्याची मुलगी. पोस्टात नोकरीला, ताईपेक्षा दोन वर्षांनी लहान आणि जिभेने फटकळ. आठ महिन्यांपूर्वी तिचंही आतड्याचं ऑपरेशन झालं होतं. ताई तेव्हा दवाखान्यात भेटून आली होती, आणि बिचारीच्या नशिबात कुठून हे आलं म्हणून हळहळली होती. आता आतेबहीण बरी झाली होती, पण चेहऱ्यावर भांडायला आल्यासारखे भाव होते. तिने पिशवीतून एक कागद काढला आणि कटिंगच्या टेबलावर, अंथरलेल्या कापडावरच पसरला.

"हे बघ, ताई. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडून सगळी माहिती घेऊन काढलंय. चौकोन म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. ज्यांना कॅन्सर झाला ते काळे."

ताईला कागदावरच्या खुणा वाचायची सवय. तिने बोट ठेवत ठेवत पाहिलं. वर एक चौकोन, त्यात प्रश्नचिन्ह. ते आजोबा. त्याच्या खाली तीन खुणा एका ओळीत. काळा चौकोन, काळा चौकोन, काळा गोल.

"हे बाबा, हे काका," ताई म्हणाली, "आणि ही कोण?"

"माझी आई," आतेबहीण म्हणाली.

"पण आत्याला तर गर्भाशयाचा झाला होता. पोटाचा नाही."

"तेच तर. मूळ एकच. कुणाच्या आतड्यात निघतं, कुणाच्या गर्भपिशवीत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आजोळी कुणाला होतं का? मी म्हटलं, दोन्ही मामा गेले. त्या लगेच सरसावून बसल्या. म्हणाल्या, मामांच्या मुलांना हे माहीत आहे का? मी म्हटलं, त्यांना फक्त दोन माणसं माहीत आहेत. तिसरी त्यांनी कधी मोजलीच नाही."

ताईने त्या काळ्या गोलावर पुन्हा बोट ठेवलं. खरंच होतं ते. आत्या एकोणपन्नासाव्या वर्षी गेली होती. म्हणजे तिनेही पन्नाशी पाहिली नव्हती. पण ती दिल्या घरची झाली होती, आणि तिचं दुखणं म्हणजे बायकांचं दुखणं, ते कशाला कुणी उघड बोलतंय. घरातल्या पुरुषांची यादी पोरांनाही पाठ होती, आणि त्याच आईबापाच्या पोटची लेक त्या यादीत नव्हती. शिवाय आत्या लग्नानंतर त्या बाधलेल्या घरात एक दिवस राहिली नव्हती, म्हणजे आईचं घराचं कारण तिथेच निकालात निघत होतं. हे एवढं साधं गणित इतकी वर्षं कुणाला सुटलं नाही याची ताईला लाज वाटली, आणि ती तिने तशी सांगूनही टाकली.

"लाज राहू दे," आतेबहीण म्हणाली. "टिल्लूचं वय काय आता?"

ताईने मनातल्या मनात महिने मोजले. वडिलांचं वय गाठायला टिल्लूला दहा महिने उरले होते.

पुढच्याच आठवड्यात ताई त्या डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन बसली. बाई तरुण होत्या, चष्मा सारखा वर सरकवायच्या, पण सांगायची हातोटी चांगली होती. शरीरात जुन्या पेशीवरून नवी पेशी तयार होत असते, म्हणाल्या, आणि नक्कल म्हटली की चुका आल्याच. त्या चुका शोधून सुधारायचं काम काही जनुकांकडे असतं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. तुमच्या घराण्यात त्यातल्याच एका जनुकात बिघाड आहे, आणि तो पिढीतून पिढीत येतो. चुका सुधारल्या जात नाहीत, साचत जातात.

"म्हणजे ज्याच्यात तो बिघाड असेल त्याला होणारच?" ताईने विचारलं.

"होणारच असं नाही. पण धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त, आणि तोही कमी वयात. तुमच्या आतेबहिणीत नेमका कुठला बिघाड आहे ते सापडलंय, त्यामुळे तुमच्या रक्तात तोच शोधणं सोपं आहे. वडिलांकडून तो तुमच्याकडे आला असण्याची शक्यता निम्मी, आणि तुमच्या भावाकडेही निम्मीच. दोघांचं एकमेकांवर काही अवलंबून नाही." मग बाईंनी चष्मा काढून ठेवला. "आणि नीट ऐका. हा कॅन्सर बहुतेक वेळा एका बारीक गाठीपासून सुरू होतो. पॉलिप म्हणतात तिला. ती दुर्बिणीतून दिसते आणि तिथल्या तिथे काढता येते. तुमच्या वडिलांच्या वेळी हे कुणाला माहीत नव्हतं. आता आहे."

ताई तिथून निघाली ती थेट टिल्लूच्या घरी.

आता इथे टिल्लूच्या डोक्यातलं भूत सांगायला हवं, कारण त्या भुतानेच सगळा घोळ घातला. ताई म्हणजे हुबेहूब वडील. तेच पोपटासारखं नाक, तीच ढांगा टाकत चालायची पद्धत, डाव्या हातात कात्री धरायची सवयही तीच. टिल्लू सगळाच आईवर गेलेला. गोरा, कुरळ्या केसांचा, हसला की आईसारखी गालाला खळी. घरात लहानपणापासून सगळे म्हणायचे, ही बापाची, हा आईचा. त्यामुळे ताईचं सांगून झालं तेव्हा टिल्लू निवांतपणे पाय पसरून म्हणाला, "मी आईवर गेलोय, ताई. मला काय होणार? काळजी करायची तर तुझी करायला पाहिजे. आरशात नाक बघ."

"अहो, काय बोलताय," त्याची बायको मध्ये पडली, पण टिल्लू गालातल्या गालात हसत राहिला. आणि खरं सांगायचं, तर ताईलाही आतून तेच वाटत होतं. आपल्यात असणार. नाक कुठे लपवायचं?

तिने रक्त दिलं. रिपोर्ट यायला चार आठवडे होते. त्या चार आठवड्यांत आई तिच्याकडे अशी बघायची की जणू ती निघालीच आहे. कारखान्यातल्या बायका तिला टेबलापाशी स्टूल आणून द्यायला लागल्या. एका शिलाईवालीने तर तिची कापलेली सदऱ्याची बाही न विचारता पुन्हा मोजली. तेव्हा मात्र ताईने तिला असं काही फैलावर घेतलं की स्टूलही गेलं आणि सहानुभूतीही गेली.

रिपोर्ट आला. डॉक्टरीणबाईंनी दोनदा वाचून दाखवला. ताईमध्ये तो बिघाड नव्हता. तिच्यात नाही म्हणजे तिच्याकडून तिच्या कॉलेजातल्या मुलात जायचाही प्रश्न नाही. चारचौघांना सांगतात तेवढ्या तपासण्या वेळच्या वेळी करायच्या, बाकी काही नको. ताई दवाखान्याच्या पायऱ्या उतरली तेव्हा तिला अक्षरशः हलकं हलकं वाटत होतं. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला धरून सांगावंसं वाटत होतं. तशीच ती धावत टिल्लूकडे गेली, आणि तिथेच तिची चूक झाली.

टिल्लूने रिपोर्ट वाचला, बहिणीला उचलून गोल फिरवलं, आणि खाली ठेवून म्हणाला, "झालं तर मग. बापाचं सगळं तू घेतलंस, तुझ्यातच नाही, तर माझ्यात येणार कुठून? सुटलो आपण दोघं."

ताईच्या डोक्यात तिडीकच गेली. आपल्या आनंदाची बातमी आपणच त्याच्या हातात ढाल म्हणून दिली हे तिला तेव्हा कळलं. तिने परोपरीने समजावलं. कारखान्यातलं उदाहरण दिलं. "अरे, सदऱ्याची कॉलर वेगळ्या पॅटर्नवर कापतात, बाही वेगळ्या. कॉलर एका सदऱ्यासारखी दिसली म्हणून बाहीही तशीच असते का? नाक एका कागदावरचं, हे दुसऱ्या कागदावरचं. माझ्या नाकाचा आणि याचा काडीचा संबंध नाही, हे तर माझ्याच रिपोर्टवरून सिद्ध झालं ना?"

"मला शिवणकाम शिकवू नकोस," टिल्लू म्हणाला आणि टीव्हीचा आवाज मोठा केला.

तीन महिने हे चाललं. ताईने गोडीने सांगून पाहिलं, रागाने सांगून पाहिलं. त्याच्या बायकोने रडून पाहिलं. रक्ततपासणीची वेळ दोनदा ठरवली, दोन्ही वेळा टिल्लूला ऐनवेळी कुठलीतरी लिफ्ट अडकल्याचा फोन आला. इतक्या लिफ्ट शहरात होत्या का, हाच प्रश्न होता. ताईने अबोला धरला. तो मजेत होता. पालथ्या घड्यावर पाणी.

तिसऱ्यांदा वेळ ठरली ती शनिवारी सकाळी अकराची. साडेनऊला त्याचा फोन बंद. बायकोने सांगितलं, बाजारापलीकडच्या नऊ मजली ऑफिसात गेलेत. ताईने कटिंगचं यंत्र बंद केलं, टेप गळ्यातच राहिली, आणि निघाली. आज कानाला धरून आणायचा असं ठरवूनच निघाली.

इमारतीत गेली तर लिफ्टवर पाटी. 'दुरुस्तीसाठी बंद.' आता लिफ्टवाल्याला भेटायचं तर लिफ्ट बंद असणारच, हे आधीच तिच्या लक्षात यायला हवं होतं. ती जिने चढायला लागली. चौथ्या मजल्यावर गुडघे बोलायला लागले, सहाव्यावर श्वास संपला, आठव्यावर तिने भावाच्या नावाने जे काही पुटपुटलं ते इथे सांगण्यासारखं नाही. नवव्यावरून गच्चीकडे जाणाऱ्या लोखंडी शिडीशी ती पोचली तेव्हा वरच्या मशीनरूममधून भांडणाचा आवाज येत होता. एक आवाज टिल्लूचा. दुसरा इमारतीच्या मॅनेजरचा.

"अहो, सकाळपर्यंत व्यवस्थित चालत होती," मॅनेजर म्हणत होता. "आवाज नाही, धक्का नाही. तुम्ही नेहमीची तपासणी करायला आलात आणि बंदच करून बसलात. नऊ मजले लोकांनी चालायचं का?"

"चालू द्या. पाय मोडत नाहीत," टिल्लू म्हणाला. "हे बघा साहेब, चार रोपांवर, म्हणजे पोलादी दोरांवर, ही लिफ्ट लटकलीय. त्यातल्या एकाच्या तारा आतून तुटल्यात. बाकीचे तीन ओढतायत म्हणून तुम्हाला काही कळत नाही."

"म्हणजे चालतेय ना?"

"चालतेय म्हणून धड आहे असं नसतं साहेब. वरून सगळं गुळगुळीत दिसतं. आत हात घालून बघावं लागतं."

"इतके दिवस काही झालं का?"

"काही झालं नाही तेव्हाच बघायचं असतं. झाल्यावर बघायला मी कशाला, पोलीस येतील."

ताई शिडीच्या पायरीवर मटकन बसली. आधी तिला हसू फुटलं आणि मग त्या हसण्यातच रडू यायला लागलं. तशीच डोळे पुसत ती वर चढली आणि मशीनरूमच्या दारात उभी राहिली.

"परत एकदा म्हण," ती धापा टाकत म्हणाली.

टिल्लूच्या हातातला पाना तसाच राहिला. "ताई? तू इथे कशी?"

"आत्ता साहेबांना जे म्हणालास ते परत एकदा म्हण. मला नीट ऐकायचंय."

"या कोण?" मॅनेजरने विचारलं. "यांचीही लिफ्ट बंद असल्याची तक्रार आहे का?"

"माझी तक्रार उलटी आहे, साहेब," ताई म्हणाली. "हा माझा भाऊ. बेचाळीस वर्षांचा आहे. आमचे वडील त्रेचाळिसाव्या वर्षी आतड्याच्या कॅन्सरने गेले, काका शेहेचाळिसाव्या. आत्या गेली एकोणपन्नासाव्या. घराण्यातच आहे ते. आधी रक्ताची साधी तपासणी आहे, पुढे गाठ दिसली तर तिथेच काढतात. आणि हा येत नाही. का? तर म्हणे मला काही होत नाहीये."

मॅनेजरचा चेहरा बघण्यासारखा झाला. सकाळपासून ज्याने आपल्याला शहाणपण शिकवलं, तो असा आयता तावडीत सापडेल असं त्या बिचाऱ्याला स्वप्नातही वाटलं नसेल. "अहो, मग तुम्ही मला कुठल्या तोंडाने सांगता?" तो म्हणाला. "आधी स्वतःची तपासणी करून या. तोवर मी लिफ्ट बंद ठेवतो. लोक चालतील. पाय मोडत नाहीत."

टिल्लू फडक्याने हात पुसत राहिला. ग्रीस केव्हाच निघालं होतं तरी पुसत राहिला. मॅनेजर भला माणूस असावा, तो शिडी उतरून गेला. मग टिल्लू खाली मान घालून म्हणाला, "ताई, मला भीती वाटते गं."

हे त्याने कधी म्हणून दाखवलं नव्हतं.

"बाबांना शेवटी उठून बसता यायचं नाही," तो म्हणाला. "तू कामाला गेलेली असायचीस. मी त्यांना धरून बसवायचो. काही वजनच नव्हतं त्यांना. मला ते कळूनच घ्यायचं नव्हतं."

ताई त्याच्या शेजारी मोटारीच्या चौथऱ्यावर बसली. "बाबांना कुणी सांगितलंच नव्हतं रे. आजोबा का गेले ते त्यांना माहीत नव्हतं, स्वतःला काय होणार तेही नाही. तुला सांगायला माणसं आहेत. एवढाच फरक आहे, पण तो केवढा मोठा आहे."

टिल्लूने त्या चार रोपांकडे पाहिलं. "म्हणजे माझ्यात बाबांकडून आलेला एक रोप जन्मापासूनच तुटका असेल, आणि आईकडून आलेल्या धड रोपावर सगळं चाललं असेल. असंच ना?"

"असेल किंवा नसेल. बघितल्याशिवाय कसं कळणार?"

"आणि असला तर?"

"तर उरलेल्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायचं. हे मी तुला शिकवायचं का?"

अकराची वेळ चुकली होती. ताईने दवाखान्यात फोन करून दुपारी तीनची मिळवली. टिल्लूने जाताना मॅनेजरला बजावून सांगितलं की रोप बदलल्याशिवाय लिफ्टला कुणी हात लावायचा नाही.

त्या दुपारी त्याने रक्त दिलं आणि महिन्याभराने रिपोर्ट आला. टिल्लूमध्ये बिघाड होता. गोरा, कुरळा, खळीवाला, सगळा आईचा टिल्लू, आणि ते एक तेवढं त्याने बापाकडून उचललं होतं. पण आता त्याच्यातला कारागीर जागा झाला होता. घाबरायचं सोडून तो डॉक्टरीणबाईंनाच उलट प्रश्न विचारायला लागला. दुर्बीण किती आत जाते, उजेड कुठून येतो, गाठ कापायची तार किती जाडीची असते. तपासणीच्या आदल्या दिवशी आतडं साफ करायचं औषध असतं. ते दोन लिटर पिऊन त्याने अख्खा दिवस संडासात काढला आणि तिथून बायकोला सूचना देत राहिला. तो दिवस आठवला की त्याची बायको आजही तोंडाला पदर लावते.

दुर्बिणीतून दोन गाठी दिसल्या. एक बारीक, एक वाटाण्याएवढी. दोन्ही तिथल्या तिथे काढल्या. मोठीतल्या पेशी बदलायला लागल्या होत्या, पण कॅन्सर झालेला नव्हता. "एवढ्यात आलात ते फार बरं केलंत," मोठे डॉक्टर म्हणाले. "अजून दोन वर्षं थांबला असतात, तर मी तुमच्याशी हे बोलणं हसत केलं नसतं."

ताई दवाखान्याच्या व्हरांड्यात आली. इतकी वर्षं ती ज्याला भीत होती तो वाटाण्याएवढा निघाला होता, आणि आता तो एका बाटलीत बंद होता. तिला जिंकल्यासारखं वाटत होतं, आणि ते तिने अजिबात लपवलं नाही. समोरच्या बाकावरच्या परक्या बाईला तिने सांगितलं, माझा भाऊ वाचला. मग आतेबहिणीला फोन लावला.

"आत्यामुळे वाचला गं तो," ताई म्हणाली. "तुझ्या त्या कागदावरच्या काळ्या गोलामुळे."

पलीकडे त्या फटकळ आतेबहिणीचा आवाज एकदम मऊ झाला. "हे आईला सांगता आलं असतं तर," ती म्हणाली आणि तिने नाक ओढलं.

पुढे टिल्लूने कमाल केली. जो स्वतः येत नव्हता, तो दुसऱ्यांना ओढून आणायला लागला. काकांचे दोन्ही मुलगे, आतेबहिणीचा भाऊ, लग्न होऊन लांब गेलेली चुलतबहीण. कुणालाही वगळलं नाही, मुलींना तर मुळीच नाही. जो टाळाटाळ करेल त्याच्या घरी जाऊन तो ठाण मांडायचा आणि लिफ्टच्या रोपांची गोष्ट सांगायचा. लोक गोष्टीला कंटाळून तपासणीला जायचे. काकांच्या धाकट्या मुलात बिघाड निघाला, तोही वेळेत सावध झाला. टिल्लूची मुलगी एकवीस वर्षांची झाली तेव्हा आपण होऊन रक्त देऊन आली. तिच्यातही तो होता. तिसऱ्या दिवशी ती बापाला म्हणाली, आपण दोघं एकाच दिवशी तपासणीला जायचं, सोबत होईल. तेव्हापासून बाप-लेक वर्षातून एकदा जोडीने जातात. एका वर्षी टिल्लूची एक गाठ निघाली आणि मुलीचं आतडं स्वच्छ, तर ती महिनाभर बापापुढे तोरा मिरवत होती.

टिल्लूने चव्वेचाळीस गाठलं त्या दिवशी आई दारात उभी राहून त्याच्याकडे नुसती बघत होती. मग शेहेचाळीस गेलं. एकोणपन्नास गेलं. पन्नाशीला शेजारच्या बायकांनी येऊन तोंडभरून कौतुक केलं, यावेळी अगदी मोठ्या आवाजात. आणि मग मजा अशी झाली, की वाढदिवस मोजायचंच सगळे विसरून गेले.

ताईने साठीला कारखाना सोडला, पण टिल्लूचे सदरे ती अजूनही स्वतःच कापते. दुसऱ्याने शिवलेला सदरा तो अंगाला लावत नाही. परवा तो कुरकुरत आला. वय अठ्ठावन्न. "ताई, नवा सदरा मागून वर चढतो आणि पुढून लोंबतो. माझं माप विसरलीस की काय?"

"माप मी विसरेन? उभा राहा तिकडे तोंड करून." तिने टेप घेतली, मानेपासून कमरेपर्यंत पाठ मोजली, मग पुढून छाती मोजली, आणि पुन्हा पाठ मोजली. खांदे पुढे झुकले होते. पाठीला बाक आला होता. असं झालं की मागचा भाग लांब कापावा लागतो आणि पुढचा आखूड. गल्लीतल्या म्हाताऱ्यांसाठी तिने असले सदरे शेकड्याने कापले होते. वडिलांसाठी कधी कापायची वेळ आली नव्हती, काकांसाठीही नाही. आपल्या घरातल्या पुरुषाची म्हातारी पाठ कशी दिसते हे तिने आज पहिल्यांदा बघितलं.

"काय झालं? पुन्हा पुन्हा काय मोजतेस?" टिल्लूने मान वळवून विचारलं.

"पाठ वाकलीय तुझी."

"मग? म्हातारा झालोय मी," तो वैतागून म्हणाला.

"हो रे," ताई म्हणाली, आणि तिला इतकं हसू आलं की टेप हातातून गळून पडली. "झालास बाबा. खरंच झालास."

तिने टेबलावर कोरा कागद अंथरला, पेन्सिल घेतली, आणि डोळे पुसत पुसत पाठीचा नवा पॅटर्न आखायला घेतला.